बिंदू उघडा राहिला

हिंदुराव पेंटरची बायको मालन त्यानं रंगवलेल्या पडद्यात गेली ती सोमवारी सकाळी, चहाची भांडी विसळून झाल्यावर. तिनं पदराला हात पुसले, पडद्याच्या खालच्या काठावर आधी उजवा पाय ठेवला, मग डावा, आणि काळ्या-पांढऱ्या फरशीवरून ती सरळ चालू लागली. पायात चपला नव्हत्या. घरातल्या घरात जायचं तर चपला कशाला, असं तिला वाटलं असणार.

हिंदुराव समोर तिवईवर बसून, एक डोळा मिटून पडदा तपासत होता. बायको चित्रात शिरली याचं नवल वाटायच्या आधी त्याला रागच आला, कारण फरशीचा काळा रंग त्यानं आदल्या दिवशीच भरला होता.

"अगं, ओलं हाय ते!" तो ओरडला.

"वाळलंय," मालन आतून म्हणाली. "गार लागतंय पायाला. मी टोकापातूर जाऊन येतो."

कोल्हापूरकडच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि एकदा तसं म्हणाल्या की कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. मालन तर नाहीच नाही.

पडदा पेठेतल्या बाबगोंडा चौगुलेच्या फोटो स्टुडिओसाठी होता. लग्नसराई तोंडावर आलेली. बाबगोंडाला नवरा-नवरीच्या पाठीमागं महाल हवा होता, आणि तो महाल लांबच लांब वाटायला हवा होता. "फोटू बघितल्यावर पोरीच्या बापाला वाटलं पायजे, पोरगी मोठ्या घरात पडली," असं त्यानं सांगितलं होतं. हिंदुरावनं आयुष्यभर हेच काम केलेलं. नाटकवाल्यांना राजवाडे दिले, गणपतीच्या मंडळांना कैलास दिला. स्वतः मात्र राहायचा एका चिंचोळ्या घरात. पुढं रस्त्यालगत सोपा, म्हणजे बसाउठायची जागा, मागं चूल, आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे खिडकीचा प्रश्नच नव्हता. मालननं लग्न होऊन आल्यापासून त्या अंधारात स्वयंपाक केला, आणि सोप्यात उजेडात काय उभं असायचं, तर कधी इंद्राचा दरबार, कधी रामाची अयोध्या. रंग वाळला की टेम्पो येऊन दरबार घेऊन जायचा.

महाल लांब दिसण्याची युक्ती तशी साधी आहे. पडद्याच्या मधोमध, कॅमेऱ्याच्या भिंगाच्या उंचीवर एक खिळा ठोकायचा. खिळ्याला दोरा बांधायचा, दोऱ्याला नीळ चोळायची, दोरा ताणून टिचकी मारायची. कापडावर निळी रेघ उठते. खांबांची डोकी, फरशीचे सांधे, छताच्या तुळया, साऱ्या रेघा त्या एका खिळ्यापाशी जाऊन मिळतात. मग खिळा काढायचा. उरतं ते बारीक भोक, त्याला बिंदू म्हणायचं. त्या बिंदूसमोर, कॅमेरा जिथं उभा राहणार तिथं तिवई मांडून, एक डोळा मिटून बघितलं की भिंत नाहीशी होते. तिवईवरून हललं की पुन्हा कापडाचं कापड.

हे हिंदुरावला त्याच्या गुरुजींनी शिकवलं होतं, आणि गुरुजी ते इटलीतल्या जुन्या चितारींच्या छापील चित्रांवरून शिकले होते. ती चित्रं ते पत्र्याच्या पेटीत घालून ठेवायचे. त्या लोकांनी काही शतकांपूर्वी भिंतीला हात न लावता भिंतीपलीकडं बघायची सोय केली, असं ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. पण त्यांच्या हाताखाली एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. बिंदू झाकायचा. खिळा काढला की दुसरं काहीही करण्याआधी तिथं काहीतरी रंगवायचं. इटलीवाले तिथं देवाचं डोकं काढायचे, आपण कारंजं काढावं, मोर काढावा, अगदीच नाही तर बंद दार काढावं. उघडा बिंदू ठेवून ब्रश धुवायला जायचं नाही. का, ते गुरुजींनी सांगितलं नाही आणि हिंदुरावनंही विचारलं नाही.

या पडद्यात त्यानं टोकाला दार काढलं होतं. ते बंद करायला म्हणून करडा रंग कालवत होता, तेवढ्यात मालन मागं येऊन उभी राहिली. ती कधी चित्राबद्दल चकार शब्द बोलायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "राहू दे की उघडं. जरा वारा तरी येईल."

हिंदुराव हसला. पण बायकोनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, तेही फुकटचं. त्यानं करडा रंग वाटीतच ठेवला आणि दार उघडं राहिलं.

आता मालन तिसऱ्या खांबापर्यंत पोचली होती आणि हिंदुराव तिला आणायला उठला. उठला म्हणजे जेमतेम कंबर उचलली असेल, तोच आतून किंकाळी आली. फरशी भिंतीसारखी उभी झाली होती, खांब एका अंगाला लोळले होते, आणि मालन एका फरशीच्या कडेला दोन्ही हातांनी लोंबकळत होती.

"बसा! आवो, खाली बसा!"

तो धपकन बसला. डावा डोळा मिटला, हनुवटी होती तिथं आणली. फरशी आडवी झाली, खांब सरळ झाले. मालन उठली, तिनं निऱ्या सारख्या केल्या.

"हलू नका म्हंजे झालं," ती म्हणाली.

"मालन, परत ये."

"आता आलोयच तर बघून येतो. जलमभर महाल रंगवलासा, मला कुणी दावला?"

हिंदुराव एका डोळ्यानं बघत बसला आणि ती चालत राहिली. त्यानं सवयीनं हात लांब करून ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवला आणि तिचं माप घेतलं. आधी ती अर्ध्या ब्रशाएवढी होती, मग बोटाएवढी झाली. त्याची पापणी लवली की आतला उजेड विझून पुन्हा लागायचा, आणि ती तेवढ्यापुरती थांबायची.

पडद्यावर त्यानं सकाळचा उजेड रंगवला होता, डावीकडून येणारा. त्यामुळे सोप्यातही सकाळच राहिली. रस्त्यावर लोक जेवून झोपले, उठले, बाजाराला गेले, परत आले. हिंदुरावच्या सोप्यात ऊन उंबऱ्यावरून हललं नाही.

मालनची थोरली बहीण आक्काताई त्याच गल्लीत राहायची. मिसरी लावत ती आत आली आणि बाजूनं पडद्याकडं बघून म्हणाली, "हिंदुराव, हे काय फराटं काढलंयसा मधीच?"

"फराटं न्हवं आक्का, मालन हाय. आत गेलीया."

"आत म्हंजे?"

"हितं माझ्या मागं येऊन बघा."

आक्काताईनं त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि मिसरीचं बोट तोंडातच राहिलं. मग तिनं बहिणीला तिच्या नावानं, माहेरच्या नावानं आणि आणखी दोन-तीन नावांनी हाका मारल्या. मालननं मागं न बघता नुसता हात हलवला. आक्काताई म्हणाली, "तुमी जावा आत, धरून आणा तिला. मी बसतो हितं."

ते पटण्यासारखं होतं. हिंदुराव सरकत सरकत बाजूला झाला, आक्काताई सरकत सरकत त्याच्या जागी आली. पण ती बुटकी. तिचा डोळा खाली, म्हणून महालाचं छत खाली आलं आणि मालन कमरेत वाकली. आक्काताईच्या खाली पाट सरकवला, त्यावर पोतं घातलं, तेव्हा छत वर गेलं. मग कळलं की तिला एक डोळा मिटताच येत नाही. लहानपणापासून येत नव्हता. एक मिटायला गेली की दोन्ही मिटायचे. दोन्ही उघडले की खांबांना खांब फुटायचे, दोन्ही मिटले की आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून मालन जीव खाऊन ओरडायची. हिंदुरावनं मेहुणीला अक्षरशः ढकललं आणि तो पुन्हा बसला.

"आता काय?" आक्काताई रडकुंडीला आली.

"तिलाच यायला पायजे. हाक मारतो," तो म्हणाला, आणि त्यानं पोटातून आवाज काढला. "मालन, मागं बघ! एकदा मागं बघ!"

मालन वळली. हिंदुरावच्या पाठीमागं रस्त्याचं दार सताड उघडं होतं आणि तिथलं ऊन तिच्या तोंडावर येत होतं. म्हणून तिनं कपाळाला हात लावला आणि एक डोळा मिटला. उघड्या एका डोळ्यानं ती नवऱ्याकडं आणि आपल्या घराकडं बघू लागली, तो तिकडं बसून बघत होता अगदी तसंच.

सोप्याच्या दोन्ही भिंती वीतभर आत आल्या. आवाज झाला नाही. कोनाड्यातला चुन्याचा डबा तेवढा खाली पडला.

"अगंबाई!" मालनचा आवाज आला, बारीक पण हरखलेला. "आपला सोपा हितनं किती लांब दिसतोय! महालच की वो! तुमी तर किती बारकं दिसालाय!"

"ये मग घरी," हिंदुराव म्हणाला.

ती थोडी पुढं आली. मग तिच्या मानेला मागून वारा लागला आणि ती पुन्हा दाराकडं वळली. आक्काताई भाकरी करून आणतो म्हणून बाहेर पडली, तेव्हा रोजच्या चौकटीवर तिचं डोकं आपटलं. डोकं चोळत तिनं चौकटीकडं बघितलं, हिंदुरावकडं बघितलं, आणि वाकून ती बाहेर गेली.

बाबगोंडा चौगुले पडदा न्यायला आला तो वाकूनच आत आला. अंगानं मोठा माणूस. त्यानं बाजूनं बघितलं, पुढून बघितलं, मग हिंदुरावच्या मागून बघितलं.

"पेंटर, बाई कशाला काढलीसा? गिऱ्हाइकाच्या मागं बाई दिसंल की."

"काढली न्हाई आण्णा. माझी बायको हाय ती."

"मग तिला म्हणावं बाजूला हो. उद्या सकाळी मुहूर्ताची जोडी हाय माझ्याकडं. मी गुंडाळून नेतो."

"गुंडाळू नका!" हिंदुराव एवढ्यानं ओरडला की आत मालन दचकली. मग त्यानं आवाज खाली घेतला. "आण्णा, हात जोडतो. माझं एक काम करा. त्या वाटीत करडा रंग हाय. ब्रश घ्या आणि ते टोकाचं दार तेवढं बंद करा. म्हंजे ती पलीकडं जायची न्हाई."

बाबगोंडानं उसासा टाकला. पण माणूस चांगला होता, त्यानं ब्रश बुडवला, पडद्यापाशी गेला आणि बिंदूवर टेकवला. ब्रश आत गेला. दांडा गेला. मनगट गेलं. बाबगोंडानं कोपरापर्यंत हात घातला आणि घाबरून बाहेर काढला. ब्रश आतच राहिला होता आणि हाताला गार लागत होतं.

"तितं कापडच न्हाई, पेंटर."

"उघडं ठेवलं होतं," हिंदुराव म्हणाला. "तिनं मागितलं म्हणून."

तेवढ्यात आत मालननं पुन्हा मागं बघितलं, कोण आलंय म्हणून. एक डोळा मिटून. भिंती आणखी आत आल्या, छत खाली आलं, आणि बाबगोंडानं पडद्याचं नाव पुन्हा काढलं नाही. दारातून निघताना त्याला आडवं व्हावं लागलं. आधी पोट निघेना, मग खांदा निघेना. अखेर रस्त्यावरच्या दोघांनी त्याला ओढून काढलं.

आता हिंदुरावला सगळं कळलं. कळायला फार अक्कल लागत नव्हती, आयुष्यभर तो त्याच दोऱ्यावर जेवत होता. बघणाऱ्याचा डोळा जिथं, तिथून समोर सारं निमुळतं होत जाणार. इतके दिवस बघणारा एकटा तो होता. आता दोघं होते. तिच्या बाजूनं बघितलं तर साऱ्या रेघा येऊन मिळत होत्या त्या हिंदुरावच्या बुबुळापाशी, आणि ती जितक्या वेळा बघेल तितक्या वेळा घर त्या बुबुळाकडं गोळा होणार होतं. हाक मारली तर ती बघणार. नाही मारली तर दार उघडं होतं.

मालन दारापाशी पोचली होती. दार तिच्याएवढंच होतं, आणि ती तांदळाच्या दाण्याएवढी. तिचा पदर मात्र उडत होता, ते त्याला इतक्या लांबूनही दिसलं. घरात कधी तिचा पदर उडालेला त्यानं बघितला नव्हता.

"आवो," अगदी बारीक आवाज आला, "हितं लई वारा हाय. पलीकडं जाऊ का जरा?"

जाऊ द्यावं, असंही हिंदुरावच्या मनात येऊन गेलं. तिथं वारा होता, इथं काय होतं? पण मनात येणं वेगळं आणि ते तोंडानं म्हणणं वेगळं. त्याला मालन पाहिजे होती. तिच्याशिवाय घर केवढंही असलं तरी त्यात करायचं काय, हे त्याला माहीत नव्हतं, आणि या वयात शिकायची त्याची इच्छाही नव्हती.

"नको जाऊ," तो म्हणाला. "मालन, माझ्याकडं बघ. बघत बघत ये. नजर काढू नको."

"तुमी दिसंनासं झालायसा."

"डोळा बारीक कर. दिसंन."

तिनं डोळा बारीक केला आणि ती निघाली. या वेळी तिनं नजर काढली नाही. ती सांगितलेलं सहसा ऐकायची नाही, पण ऐकलं की अगदी शब्दाला शब्द ऐकायची.

तांदळाच्या दाण्याची बोटाएवढी झाली. बोटाची ब्रशाएवढी. हिंदुरावला आनंदानं गहिवरून आलं. तिच्या बांगड्या वाजू लागल्या, नाकातली चमकी दिसू लागली. मागं दारातून आक्काताईनं भाकरीचं ताट आत सारलं, पण ताट बसेना. तिनं एक चतकोर आत ढकलला. मग नुसती दोन बोटं आत आली. मग नुसता तिचा आवाज आला, "हिंदुराव, घास तरी घ्या की वो!" आणि मग आवाजही टाचणीएवढा होऊन थांबला. भिंती दोन्ही बाजूंनी हिंदुरावच्या कोपरांना टेकल्या होत्या. छत केसांना लागत होतं. त्याला स्वतःला काही वेगळं वाटत नव्हतं, कारण तिवई त्याच्याबरोबर लहान होत होती, धोतरही लहान होत होतं. फक्त पडद्यापाशी ठेवलेली निळीची वाटी, जी तो रोज तळहातावर धरायचा, ती आता गावाच्या पाण्याच्या टाकीएवढी दिसत होती.

"मालन, सावकाश ये," तो म्हणाला.

"सावकाश कशी येऊ? फरशी उभी राहालीया मागनं!"

खरंच होतं. हिंदुरावच्या डोळ्याला पाणी लागलं होतं. किती वेळ तो डोळा उघडा होता कुणास ठाऊक. पापणी थरथरत होती, आणि ती थरथरली की महालाचं लांबचं टोक वर उचललं जात होतं. तुळया वाकत होत्या. मालन आता धावत होती, दोन्ही हातांनी लुगडं वर धरून, आणि धावतानाही त्याच्याकडं बघत होती.

ती पहिल्या खांबापाशी आली. तिचं डोकं कमानीच्या वर गेलं. मान वर करून तिचं तोंड बघावं असं त्याला फार वाटलं, पण मान हलवली तर ती पडली असती. त्याला तिची पावलं तेवढी दिसत होती, आणि लुगड्याचा काठ.

ती पडद्याच्या खालच्या काठावर येऊन थांबली.

"आवो," तिचा आवाज वरून, खूप मोठा होऊन आला. "कुठं बसलाय? आवाज तर जवळनं येतोय."

"हितंच हाय! तितंच बसलोय!"

"मला कायच दिसंना. घर कुठं गेलं?"

"हाय, हाय! घर हाय! थांब जरा!"

"थांबायला जागा कुठाय?"

तिच्या मागं महाल मिटत होता, एकेक खांब दुसऱ्यावर पडत होता. तिनं उजवा पाय उचलला. जोडव्यावर सकाळचा उजेड पडला होता, आणि पायाची सावली हिंदुरावच्या तिवईवर, भिंतींवर, साऱ्या घरावर पडली.

"पाय कुठं ठेवू, सांगा," मालन म्हणाली.

हिंदुरावनं डोळा ताणून उघडा ठेवला आणि सगळा जीव गोळा करून हाक दिली.

मालननं आवाजाच्या रोखानं पाऊल खाली सोडलं.